वाढत्या अंगाचा स्कोप

या जगात माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे असतील तर ते अर्लकाकांचे, आणि त्या उपकारांची जाणीव ठेवून मी त्यांच्या वडिलांच्या बंदुकीवर अशी दुर्बीण बसवून दिली की आधी दिसत होतं तेवढंही त्यांना दिसेना.

अर्लकाका माझे सख्खे, चुलत, मावस असे कुठलेच काका नाहीत. पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज या गावात मी शिकायला आलो, तेव्हा ज्यांच्या तळघरात मला खोली मिळाली ते हे घरमालक. मी वऱ्हाडातल्या रिसोडचा. वडिलांची पिठाची गिरणी. आमच्या घराण्यात माझ्याआधी कॉलेजच्या फाटकातून आत कुणी गेलं असेल तर ते एक मामा, आणि तेही भिंती रंगवायला. अशा घरातून उठून मी थेट बर्फात येऊन पडलो, तेसुद्धा कॅनव्हासच्या बुटात! दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर खोलीच्या दाराबाहेर काकांचे स्वतःचे, बर्फात घालायचे बूट ठेवलेले. वर शब्द एक नाही.

ते बूट मला चांगलेच मोठे होत होते. पण मला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण मापाचा बूट कसा असतो हे मला माहीतच नव्हतं. आमच्याकडे मुलांना सगळं 'वाढत्या अंगाचं' घ्यायची पद्धत. शर्ट गुडघ्याशी, पँट बगलेशी आणि बुटाच्या टोकात कापूस. आई म्हणायची, "यंदा ढिला होईन, पुढच्या साली बरोबर येईन." पुढच्या साली तो बरोबर यायचा आणि फाटायचा, दोन्ही एकाच आठवड्यात! ही पद्धत लक्षात ठेवा. पुढचा सगळा घोटाळा तिच्यातूनच झाला.

तर काका. माझ्या प्रबंधाच्या शेवटच्या परीक्षेला ते मागच्या रांगेत येऊन बसले. विषय होता भिंगांवरचे पातळ थर. काकांना त्यातलं अक्षर कळलं नाही, पण मी मध्ये पाणी प्यायला थांबलो तेव्हा भाषण संपलं असं समजून त्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या. प्राध्यापकांचा नाइलाज झाला, त्यांनीही वाजवल्या. पदवीदान समारंभाला आई-बाबांना व्हिसा मिळाला नाही, तर काका टाय लावून पालकांच्या रांगेत बसले आणि शेजारच्या अनोळखी बाईंना सांगत राहिले, "तो बघा, तो माझा मुलगा." बाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा काकांच्या गोऱ्यापान टकलाकडे बघितलं, आणि अभिनंदन केलं.

पुढे मला इथेच, भिंगं बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली. मेघनाशी लग्न झालं (ती पुण्याची, तिला सगळं मापाचंच लागतं). काकांच्या घरासमोरच्या चढावर आम्ही घर घेतलं. आणि बाबा गेल्यावर आई दरवर्षी सहा महिने आमच्याकडे येऊ लागली.

मागच्या सप्टेंबरात मी काकांकडे बसलो होतो. काका म्हणाले (ते बोलतात इंग्रजी; मी माझ्या सोयीने मराठीत लिहितोय), "यंदा मी जाणार नाही."

"कुठे?"

"डोंगरावर. हरणाला."

मी कप खाली ठेवला. आमच्या भागात नोव्हेंबरअखेरचा थँक्सगिव्हिंगचा सण झाला की हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू होतो, आणि अर्धं गाव केशरी जाकिटं घालून डोंगरात जातं. काकांनी तर पोरवयापासून एकही मोसम चुकवला नव्हता. तीच जागा, वडिलांची. तीच बंदूक, वडिलांची. खालची कडी पुढे ढकलून मागे ओढायची, की झालेलं काडतूस बाहेर आणि नवीन आत, अशी ती जुनी रायफल.

"झालं काय पण?"

"डोळे. नळीच्या टोकावरचा खुंट मागच्या खाचेत धरायचा असतो. आता मला खुंटही धूसर, खाचही धूसर. इथला नियम आहे, नराच्या शिंगाला ठरावीक फाटे असले तरच मारायचं. गेल्या वर्षी समोर शिंग आहे की फांदी आहे, तेच कळेना. बंदूक खाली ठेवली. दिसत नसेल तर चाप ओढायचा नाही, हे वडिलांनी शिकवलंय." मग ते भिंतीकडे बघत म्हणाले, "तिथे दोन खुंट्या मारून टांगतो आता. शोभेल."

त्याच क्षणी मला आठवलं की अरे, मी भिंगवाला आहे!

"काका, स्कोप लावू! बंदुकीवरची दुर्बीण! मी निवडतो!"

"तू?" काकांनी मला नीट न्याहाळलं. (मी घरातला कोळीसुद्धा कागदी कपात धरून अंगणात सोडतो, आणि ते त्यांनी पाहिलेलं आहे.) "बरं. एकच अट. बापाच्या बंदुकीला भोक पाडायचं नाही. आणि हो, ही बंदूक जरा..."

"काळजीच करू नका!" असं म्हणत मी रस्ता ओलांडलासुद्धा.

त्या दिवसापासून माझं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. बसवेना, उठवेना. सकाळी दात घासताना स्कोपचे रिव्ह्यू, जेवताना इंटरनेटवरची शिकाऱ्यांची भांडणं (ती लोकं एकमेकांच्या भिंगांवरून जे बोलतात ते आमच्याकडे फक्त बांधावरून बोलतात), ऑफिसात मीटिंग चालू असताना टेबलाखाली किती लांबचं किती पट मोठं दिसेल याचे तक्ते. मेघना भाजी चिरत होती आणि मी तिच्याभोवती फेऱ्या घालत होतो.

"दत्ता, प्लीज एका जागी उभा राहा. मला गरगरायला लागलंय."

"दोन स्कोप शॉर्टलिस्ट केलेत. एक लहान आहे, एक मोठा."

"मग लहान घे."

"लहान घे काय! हे काय रोज रोज घ्यायचं असतं? घ्यायचा तर असा घ्यावा की पुढे उपयोगी पडेल!"

"पुढे म्हणजे कधी? त्यांचं वय काय, दत्ता?"

"डोळे अजून कमी झाले तर? हरीण अजून लांब गेलं तर?"

मेघनाने सुरी खाली ठेवली. "वाढत्या वयाचे काका आणि वाढत्या अंगाचा स्कोप. छान."

मी मोठा घेतला. इतका मोठा की खोका पोस्टमनने दोन्ही हातांत धरून आणला. त्यातून म्हणे समोरच्या डोंगरावरच्या हरणाच्या पापण्या मोजता येतात. काकांना पापण्या नाही, फाटे मोजायचे होते, पण जास्तीचं दिसलं तर बिघडतं कुठे!

आता एखाद्याने हा स्कोप सरळ नेऊन दिला असता. मी प्रेझेंटेशन केलं. उपकारकर्त्याला काहीतरी अभ्यासपूर्ण द्यावं, अशी माझी तळमळ. काकांच्या बैठकीत टीव्हीला लॅपटॉप जोडला आणि सुरुवात केली: प्रकाश म्हणजे काय.

काका तिसऱ्या स्लाइडला म्हणाले, "डॅटा, एक गोष्ट..." (माझ्या नावाचा त्यांनी पहिल्या दिवसापासून डॅटा केलेला आहे.)

"प्रश्न शेवटी, काका!"

थोड्या वेळाने पुन्हा, "या बंदुकीचं असं आहे की ती..."

"ते शेवटच्या भागात येतंय!"

शेवटच्या भागापर्यंत काका झोपले होते. मी आभाराची स्लाइड दाखवली तेव्हा ते दचकून जागे झाले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. जुनी सवय!

दरम्यान आई आली. विमानतळावरून घरी येईपर्यंत तिला सगळी हकीकत समजली, आणि दुसऱ्या दिवशी निघाली खंडेनवमी. आमच्या गिरणीत त्या दिवशी जात्याला, मोटरीला, अगदी पट्ट्यालासुद्धा हळदकुंकू लागायचं. इथे आईने माझा लॅपटॉप, मेघनाची गाडी आणि मिक्सर उरकला आणि तबक घेऊन दारात उभी राहिली.

"चाल."

"कुठे?"

"त्याईच्या घरी. बंदुकीले नवा डोया बसवून रायला न तू? मंग पूजा नाही करा लागत?"

"आई, ते अमेरिकन आहेत."

"मी काय त्याईची पूजा करून रायली काय? बंदुकीची करतो."

काकांनी दार उघडलं. आई मराठीत, तेही वऱ्हाडीत, काका इंग्रजीत. दोघांची काही अडचण झालेली दिसली नाही. काकांनी बंदूक रिकामी असल्याचं दोनदा उघडून दाखवलं आणि जेवणाच्या टेबलावर नीट कापड अंथरून ठेवली. शेजारी माझा नवा स्कोप. आईने हळदकुंकू वाहिलं, अक्षता वाहिल्या, झेंडूच्या जागी काकांच्या अंगणातली पिवळी शेवंती वाहिली आणि डोळे मिटून बराच वेळ पुटपुटली. काका टोपी काढून उभे होते.

"काय मागितलं त्यांनी?" त्यांनी हळूच विचारलं.

आई जे पुटपुटली ते मला स्पष्ट ऐकू आलं होतं: "बंदुकीले यश दे रे देवा, पण हरणाले लागू देऊ नको."

"यश मागितलं," मी म्हणालो.

रविवारी आम्ही सगळे सरावाच्या मैदानावर गेलो. सगळे म्हणजे काका, मी, मेघना ("ग्रीन कार्ड आलंय म्हणून काय बंदुका हातात घ्यायच्या?" असं दर दोन मिनिटांनी म्हणत) आणि आई, पदरावरून कानांवर मोठाले आवाजरोधक लावलेली. त्यामुळे तिला स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता आणि बाकी मैदानाला तोच ऐकू येत होता.

स्कोप मी आदल्या दिवशी चढवला होता. भोक न पाडता, चिमट्यासारखा पकडणारा माउंट शोधून, बंदुकीच्या बरोब्बर डोक्यावर. स्कोपचं पुढचं भिंग इतकं रुंद की तो उंचावर बसवावा लागला. काकांनी बंदूक खांद्याला लावली. डोळा काही तिथपर्यंत पोचेना. त्यांनी मान वर केली. अजून वर केली. विहिरीत डोकावणारा माणूस दिसतो तसे ते दिसू लागले, फक्त विहीर वर होती.

"दिसतंय का, काका?"

"सगळं गुलाबी दिसतंय."

"गुलाबी?"

"खूप सुंदर आहे. सकाळ झाल्यासारखं."

मी धावत जाऊन बघितलं. निघताना आईने नव्या डोळ्याला पुन्हा कुंकू लावलं होतं. मधोमध. वर बोट फिरवून पसरलंही होतं!

"आण इकडे, पुसून देतो," म्हणत आई पदर घेऊन आली.

"आई, नको! त्या भिंगावर पातळ थर असतात! मी त्यावर प्रबंध लिहिलाय!"

"त्याच्यावर एवढं लिवलं, मंग कुकवाच्या थराचं काहून नाही लिवलं?" आई ओरडली. दूरच्या टेबलावरचे दोघे शिकारी थबकून आमच्याकडे बघू लागले.

भिंग साफ झालं. काकांनी पुन्हा मान लांब केली.

"आता?"

"एक खिळा दिसतोय."

"खिळा?"

"फळीला मारलेला. फार छान खिळा आहे. डोक्यावर थोडा गंज." काकांनी बंदूक कणभर हलवली. "गेला. आता गवत आहे. आता... हा बहुतेक तुझ्या आईचा पदर."

"बंदूक खाली!" मेघना किंचाळली, तोवर काकांनी ती खाली ठेवलेलीच होती. (रिकामी होती. काका निशाणा सापडल्याशिवाय गोळी भरत नाहीत, आणि निशाणा सापडण्याची चिन्हं नव्हती.)

"काका, तुम्हाला टेक्निक जमत नाहीये," मी म्हणालो. देवाशपथ सांगतो, हे शब्द माझ्याच तोंडून बाहेर पडले. "थांबा, मी दाखवतो."

"डॅटा, आधी एक..."

"काका, एक मिनिट!"

काकांनी सुस्कारा सोडला, एक गोळी भरून दिली आणि ते दोन पावलं मागे सरकले. हे मागे सरकणं मी तेव्हाच नीट वाचायला हवं होतं. मी बंदूक खांद्याला लावली. चित्र पूर्ण दिसेना, म्हणून डोळा जवळ नेला. अजून जवळ नेला. अगदी लग्नात नवरदेव अंतरपाटाला नाक लावतो तितका नेला. खिळा दिसला. खरंच छान खिळा होता. चाप ओढला.

धाड!

बंदूक मागे आली. तिच्यासोबत स्कोप मागे आला. माझी भुवई तिथेच होती.

डोळ्यांपुढे ज्या चांदण्या चमकल्या त्या मात्र कुठल्याही स्कोपविना स्वच्छ दिसल्या. "अगं आई गं!" मी म्हणालो, आणि आईला नेमकं तेवढंच ऐकू गेलं. "काय झालं? लागलं काय? कोनाले लागलं? हरणाले?"

"कडी ओढ, बंदूक रिकामी कर," काका शांतपणे म्हणाले. मी एका हाताने भुवई धरून दुसऱ्या हाताने कडी ओढली. कडक तापलेलं रिकामं काडतूस सुटलं सरळ वर, स्कोपच्या पोटावर टण्णकन आपटलं आणि उलट फिरून माझ्या कॉलरमधून आत शिरलं.

यानंतर मी जे केलं त्याला मेघना आजही नाच म्हणते. बंदूक तेवढी टेबलावर नीट ठेवली होती, एवढं श्रेय मला द्यावं. बाकी शर्टाची बटणं, पाय, तोंडचे शब्द, कशावरच माझा ताबा नव्हता. दूरचे दोघे शिकारी पुढे येऊन बघायला उभे राहिले. काडतूस पँटमधून बाहेर पडलं तेव्हा त्यांतल्या एकाने टाळी वाजवली.

काकांनी ते उचललं. "हेच सांगायचं होतं," ते म्हणाले. "ही बंदूक काडतूस वर फेकते. बाजूला नाही. वर. तू तिथे छप्पर बांधलंस."

"आधी का नाही सांगितलंत, काका?"

"प्रश्न शेवटी होते ना."

माझ्या भुवईवर स्कोपच्या कडेची लालभडक अर्धगोल खूण उमटली. मेघना म्हणाली, "अगदी चंद्रकोर! नऊवारी काढू का?" सोमवारी ऑफिसात मी कॅमेरा बंद ठेवला. इथल्या मराठी मंडळाने सोयीने पुढच्या शनिवारी ठेवलेल्या दसऱ्याला एका काकूंनी "कोणत्या संप्रदायाचं गंध हो?" असं भक्तिभावाने विचारलं. मेघना "शिकारीचं" म्हणाली आणि काकूंनी आपलं सोनं दुसऱ्याला दिलं.

पण हसण्यावारी नेता येत नव्हती ती गोष्ट वेगळीच होती. बुधवारी काकांचं कार्ड पोस्टाने आलं. समोर राहतात, तरी आभार मानायचे तर पोस्टानेच, ही त्यांची रीत. 'स्कोपबद्दल मनापासून आभार. तो कंपनीला परत करू नकोस, मी तो जपून ठेवीन. भिंतीवर बंदुकीच्या खाली.'

भिंतीवर! म्हणजे खुंट्या ठोकल्या! मी कार्ड हातात घेऊन घरभर फिरू लागलो. ज्या माणसाने मला न विचारता बूट दिले, त्याला मी न विचारता म्हातारा करून ठेवला. थँक्सगिव्हिंग जवळ येत होतं.

"दत्ता," मेघना म्हणाली, "हरीण किती लांब असतं, हे तू त्यांना विचारलंयस का?"

मी थांबलो. किती दिवसांनी मी एका जागी थांबलो होतो!

विचारायला गेलो. काकांनी मला गाडीत घातलं आणि डोंगरावर घेऊन गेले. त्यांच्या वडिलांच्या जागेवर एक आडवा खडक होता. सगळीकडे दाट झाडी. खाली ओढा.

"हरीण कुठे येतं?"

"त्या ओढ्यावर."

रिसोडला आमच्या ओट्यावरून मी हाक मारली की समोरच्या हॉटेलातून चहा यायचा. ओढा साधारण तितक्यावर होता! त्या हॉटेलवाल्याच्या पापण्या मोजायची मला कधी गरज पडली नव्हती.

"काका, मी या वेळी प्रेझेंटेशन करणार नाही. तुम्ही बोला."

काका बोलले. पाच वाक्यांत संपलं. छोटा स्कोप हवा, थोडंसंच मोठं दाखवणारा, म्हणजे आजूबाजूचं रानही दिसेल. डोळ्यापासून हातभर लांब ठेवला तरी दिसेल असा. तो पुढे, नळीवरच्या जुन्या खाचेच्या जागी बसतो. भोक पाडावं लागत नाही आणि मागे काडतुसांना आकाश मोकळं राहतं.

तो आला तेव्हा माझा जीव थोडाथोडा झाला. पेनाच्या टोपणाएवढा! उपकारांची फेड म्हणून हे द्यायचं? पण काकांनी तो लावून बंदूक उचलली तेव्हा मान लांब झाली नाही, खांदा उचकला नाही. गाल सवयीच्या जागी टेकला. धाड. काडतूस वर गेलं, उन्हात चमकलं आणि लांब गवतात पडलं. फळीवरच्या कागदाला मध्याशेजारी भोक होतं.

काकांनी नाक शिंकरलं. थंडी होती.

मोसमाच्या पहिल्या दिवशी मी सकाळपासून खिडकीत. मोठा स्कोप काकांकडून परत आणून मी तिथे ठेवला होता, आणि आईने तो ताब्यात घेतला होता. त्यातून काकांच्या दाराची कडी दिसते, टपालपेटीवरची चिमणी दिसते. कशाचा तरी उपयोग झाला!

"आले, आले!" आई ओरडली. "गाडी आली! हरीण नाही पण!"

मी चपला न घालता धावलो. काका गाडीतून उतरत होते. बूट ओले, गाल लाल.

"दिसलं?"

"दिसलं. ओढ्यावर उभं होतं. नर."

"मग?"

"फाटे मोजले. अगदी स्वच्छ दिसले." काका हसले. इतकं मोठं हसू मी पदवीदानानंतर बघितलं नव्हतं. "एक कमी होता. मी सँडविच काढून खाल्लं. तोही काहीतरी खात होता. पुढच्या साली मोठा झाला असेल, तेव्हा बघू."

मी घरी येऊन आईला सांगितलं. तिने देवापुढे साखर ठेवली आणि मेघनाला म्हणाली, "दोन्ही दिलं देवानं. कुकवाची बंदूक होती ते."

काकांचं कार्ड दोन दिवसांनी आलं. रीतच तशी, म्हणून मीही रस्त्यापलीकडे जायचं सोडून पत्र लिहिलं आणि पोस्टात टाकलं. मूळ इंग्रजीत आहे. मराठीत असं:

'प्रिय अर्लकाका,

तुमचं कार्ड पोचलं. आईने ते देवाजवळ ठेवलंय. हरणाची तब्येत कशी आहे, असं तिने विचारायला सांगितलंय. त्या दिवशी तिने पूजेत काय मागितलं, असं तुम्ही विचारलं होतंत. मी अर्धंच सांगितलं. बंदुकीला यश मिळावं आणि हरणाला लागू नये, असं तिचं मागणं होतं. तेव्हा यंदाच्या शिकारीबद्दल काही तक्रार असेल तर ती तिच्याकडे करावी.

मी इथे आलो तेव्हा माझ्या दाराशी तुम्ही बूट ठेवले होतेत. आभार कसे मानायचे, तेवढं इंग्रजी मला तेव्हा येत नव्हतं. आता येतं, पण अजूनही जमत नाही. म्हणून मी तुमच्या बैठकीत प्रकाश म्हणजे काय ते सांगत बसलो. त्या दिवशी तुमचे डोंगरावरचे बूट भिजलेले पाहिले, म्हणून नवे पाठवतोय. खोका दाराशी आहे. या वेळी रिव्ह्यू वाचले नाहीत, फेऱ्या घातल्या नाहीत. सरळ दुकानात गेलो आणि घेतले.

तुमचा मुलगा,
डॅटा

ता. क. माप विचारायचं राहिलं. एक नंबर मोठेच घेतलेत. पुढच्या साली बरोबर येतील.'